दुसऱ्याच्या बाळाची पिशवी

आमच्या वाचनालयाची दुपारची सुट्टी एक ते चार. त्या वेळात वाचक घरी जेवून आडवे होतात आणि मी, इथला ग्रंथपाल, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून इथेच आडवा होतो. त्यातून गुरुवारी जेवणात मासे नसतात, म्हणजे झोप हीच त्या दिवसाची चैन. ती चैन बाईंनी माझ्याकडून जवळजवळ बारा वर्षं हिरावून घेतली. आता बाई नाहीत, त्यांचा वर्गही नाही, गुरुवारची दुपार पुन्हा माझी झाली आहे. आणि नेमक्या त्याच दुपारी मला झोप लागत नाही.

बाई म्हणजे नर्सबाई. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं बाळंतपणं करून अठ्ठ्याण्णव साली निवृत्त झाल्या. मूळ गाव फोंडाघाटाकडचं, नोकरी सगळी किनारपट्टीला, मागेपुढे कोणी नाही. निवृत्त झाल्यावर माणसं आपल्या गावी जातात. बाई मात्र आमच्या गावात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिल्या, कारण फोंड्याला त्यांना ओळखणारं कोणी उरलं नव्हतं आणि इथलं निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं होतं. त्या निम्म्यात मीही आलो. त्यामुळे मला अहोजाहो करण्याचा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

पहिल्यांदा आल्या त्या थेट माझ्या टेबलाशी. अंगावर दवाखान्यातलीच पांढरी, निळ्या काठाची साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला. हातात काळी छत्री. छत्री त्यांनी संस्थापकांच्या तसबिरीच्या खिळ्याला अडकवली आणि विचारलं, "दुपारचो हंय कोण आसता?"

"कोण नाय, बाई."

"तू आसतंस. घोरतंस. माका रस्त्यार आयकाक येता." मग हॉलकडे नजर फिरवून म्हणाल्या, "गुरवारचा घोरूचा नाय. माझो वर्ग हंय भरतलो."

कार्यकारी मंडळाची परवानगी लागते, हे मी सांगायला गेलो. मंडळाच्या अध्यक्षांच्या चारही मुलांची नाळ बाईंनीच कापली होती. परवानगी त्याच संध्याकाळी आली.

वर्ग गरोदर बायकांचा, पण एकट्या बाईला प्रवेश नाही. सोबत नवरा पाहिजे. नवरा मुंबईला नोकरीला किंवा होडीवर असेल तर सासरा, दीर, कोणीही चालेल, "पण घरातलो एक तरी बापयो व्हयो." आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, आणि पुरुषाचं काम म्हणजे निरोपाची वाट बघणं. सुरुवातीला त्यामुळे मोठी गंमत झाली. एका सुनेबरोबर आलेला म्हातारा सासरा तासभर टोपी हातात धरून भिंतीकडे तोंड करून बसला होता. बाईंनी त्याला तसंच बसू दिलं, पण निघताना सगळं म्हणून दाखवायला लावलं. त्याला सगळं येत होतं.

"बाळंत बायल होता, पण घाबरता घो. मगे शिकवूचा कोणाक?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. प्रत्येक वर्गाची सुरुवात त्यानेच.

बाई आधी पोटाशी बोलायच्या, मग पोट जिचं तिच्याशी. समोर बसून वाकायच्या आणि विचारायच्या, "काय रे, बापूस इलो काय आज?" मग उत्तर येईपर्यंत थांबायच्या. खरोखर थांबायच्या, हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा राहायचा. मग नवऱ्याकडे वळून म्हणायच्या, "इलो म्हणता. बस." ज्या दिवशी नवरा नसे, त्या दिवशी पोटातलं मूल बाईंकडे काय काय तक्रारी करी, त्या ऐकण्यासारख्या असत.

पुरुषांच्या पोटाला त्या पाच किलो उकड्या तांदळाची पिशवी पंच्याने घट्ट बांधत. मग माझ्या टेबलावरची वर्तमानपत्रं उचलून जमिनीवर फेकत आणि एकेक वेचायला लावत. भरलेली जाळी ओढून दंड कमावलेले गडी दहाव्या पानाला घामाघूम होत. मी टेबलामागे बसून खदखदून हसे. बाई माझ्याकडे न बघताच म्हणत, "हस, हस. तुझी पाळी येतली."

'काळजी करू नको' हे शब्द त्यांच्या वर्गात बंद होते. चुकून कोणी नवरा बायकोला तसं बोलला, तर बाई त्याला उभा करत. "काळजी नको म्हणजे काय रे, मेल्या? काळजी कर. पण आधी कर. आयत्या वेळार नको." ही काळजी आधी करायची म्हणजे काय, तर पिशवी.

आमच्याकडे पोटातल्या बाळासाठी आधी काही आणत नाहीत. टोपडं नाही, दुपटं नाही, पाळणा तर नाहीच. काही आणलं तर दृष्ट लागते, काहीतरी वाईट होतं, असं मानतात. मग आयत्या वेळी घरभर धावाधाव, आणि दवाखान्यात पोचल्यावर लक्षात येतं की बाळाला गुंडाळायला काही नाही. बाईंनी या समजुतीशी कधी वाद घातला नाही. त्यांनी तिला वळसा घातला. "तुमच्या पोराचा काय एक घेव नको," त्या म्हणत. "दुसऱ्याच्या पोराचा घेवक कोण नको म्हणता?" वर्गातल्या प्रत्येक जोडप्याने दुसऱ्या जोडप्याची पिशवी भरायची. जुन्या सुती साड्यांची मऊ फडकी धुऊन, उन्हात वाळवून, घड्या घालून. टोपडं, दुपटी, कोरडा पंचा, साबण, बॅटरी, वाटी-चमचा, आणि गाडीवाल्यांचे नंबर लिहिलेला कागद. भरायची नवऱ्यानेच. बाई पिशवी हातात घेऊन तोलणार, जाळ्याच्या दोरीने तोंडाला गाठ मारणार, आणि ती पिशवी ज्याची त्याच्या घरी खिळ्याला लटकणार. कळा येईपर्यंत गाठ सोडायची नाही. सासवांनाही हे पटलं, कारण बंद पिशवी दुसऱ्याची, आपण कुठे काय आणलंय!

हे का, ते बाईंनी एकदाच सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला एका आडगावच्या दवाखान्यात ऐन थंडीत एक बाई आली. मुलगी झाली. घरच्यांनी काही आणलं नव्हतं, आधी आणायचं नसतं म्हणून. दवाखान्यातली फडकी त्याच सकाळी धुतलेली, सगळी ओली. "सुको एक फडको नाय होतो," बाई म्हणाल्या. "पोर माझ्या हातात गार पडला." एवढं बोलून त्यांनी घड्याळ बघितलं आणि वर्ग सोडला. त्या दिवशी पंधरा मिनिटं आधी सोडला.

हे मी टेबलामागून ऐकलं होतं. हे ऐकूनही मी पुढे जे केलं ते केलं, म्हणून सांगतोय.

दोन हजार तीनमध्ये माझी पाळी आली. बायकोला सातवा महिना होता, आणि वर्गासाठी ती माहेरी न जाता इथेच राहिली होती. मी गर्भारपणावरची वाचनालयातली होती नव्हती ती सगळी पुस्तकं वाचून काढली होती आणि आपल्याला सगळं कळतं अशा थाटात वर्गात बसायला लागलो. तांदळाची पिशवी बांधून पेपर वेचताना बाकीचे हसले, ते ठीक. आमची जोडी बाईंनी बाबल्याशी लावली. बाबलो खाडीकाठी राहणारा, स्वतःची होडी, मासे मारणारा आणि बायको ते विकणारी. त्याने आमची पिशवी भरायची, मी त्याची.

फडकी धुवायला आमच्याकडे विहिरीशिवाय सोय नाही, आणि विहीर पाणंदीला लागून. सकाळी तिथे अर्ध्या वाडीच्या बायका. वाचनालयाचा ग्रंथपाल, व्याख्यानमालेत पाहुण्यांची ओळख करून देणारा माणूस, उकिडवा बसून बाळाची फडकी आपटतोय, हे दृश्य माझ्याच्याने डोळ्यांसमोर आणवेना. आज धुतो, उद्या धुतो करता करता पिशवी द्यायचा गुरुवार उजाडला. मी काय केलं? वाचनालयातले जुने पेपर घड्या घालून पिशवीत दाबून भरले, वर एक पंचा पसरला. मनाशी म्हटलं, नंतर बदलू. नंतर कसलं! बाईंनी पिशवी हातात घेतली, वरखाली करून तोलली, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि म्हणाल्या, "बरीच जड आसा." दोरीची गाठ मारली. "बाबल्याच्या घराक मीच पोचयतंय. माझ्या वाटेर आसा."

सुटलो, असं मला वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं.

पुढच्या आठवड्यात शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास बायकोला कळा सुरू झाल्या. दिवस भरायला तीन आठवडे बाकी होते. वाचलेल्या एकूण एक पुस्तकातलं एक अक्षर मला आठवेना. तालुक्याचं हॉस्पिटल खाडीपलीकडे. होडीने पंधरा मिनिटं, रस्त्याने वळसा घालून पाऊण तास. मी तिला हाताला धरून सरळ धक्क्याकडे न्यायला निघालो. "आधी पिशवी सोडा," ती म्हणाली. तिचा आवाज माझ्यापेक्षा शांत होता. मी खिळ्यावरची पिशवी काढली, दात लावून गाठ सोडली. सगळ्यात वर बाबल्याच्या वाकड्यातिकड्या अक्षरातला कागद होता.

पहिली ओळ होती: 'आधी बस. पाणी पी. मगे वाच.'

मी बसलो. पाणी प्यालो. खाली महिनाभराच्या एकेका दिवसापुढे लिहिलं होतं की कोणत्या वेळी खाडीला पाणी असेल आणि कोणत्या वेळी नाही. त्या शनिवारपुढे लिहिलं होतं: 'सकाळी नऊ ते एक चिखल. होडी नको. रिक्षा.' खाली दोन रिक्षावाल्यांचे नंबर, आणि दुसऱ्याच्या नंबरापुढे 'हो लवकर येता'. मी खाडीकाठी जन्मलो, पण भरती-ओहोटीचं गणित मला कधी जमलं नाही. तो कागद नसता तर बायकोला घेऊन मी भर कळांत चिखलात होडी रुतवून बसलो असतो.

दुपारी अडीचला मुलगी झाली. दोघी सुखरूप. नर्सने तिला बाबल्याच्या फडक्यांत गुंडाळून माझ्या हातात दिली. फडकी जराशी खरखरीत होती. त्यांना उन्हाचा वास होता आणि त्याखाली, अगदी बारीक, होडीचा. त्या राकट माणसाने आपल्या हाताने ती धुतली असणार, चारचौघांत, विहिरीवर. जीव भांड्यात पडला म्हणतात तसा माझा पडला, आणि पडला तसाच वर उसळला. बाबल्याच्या घरी खिळ्याला लटकलेल्या पिशवीत मी पेपर भरलेले होते. त्याच्या बायकोचे दिवस तर भरलेलेच होते.

त्या संध्याकाळी मला हॉस्पिटलातून निघता येईना. रविवारी सकाळी सासूबाई आल्या तशी मी मिळेल त्या रिक्षाने गाव गाठलं. घरातली होती ती कोरडी सुती वस्त्रं गोळा केली आणि बाबल्याच्या घरी धावलो. दाराला कडी. शेजारीण अंगण झाडत होती. म्हणाली, "ती सकाळीच गेली, भरतीबरोबर. तेंच्याच होडयेन."

"आणि पिशवी?"

"नेली मगे! पिशवी नाय नेतली?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्या हॉस्पिटलातून आलो तिथेच परत निघालो. त्या पाऊण तासात मी काय काय बोललो देवाशी, ते इथे लिहिण्यासारखं नाही. डोळ्यांसमोर एकच होतं: बाबलो गाठ सोडतोय आणि आतून गेल्या वर्षीच्या निवडणुकीच्या बातम्या निघताहेत. आणि बाईंचे ते शब्द, सुको एक फडको नाय होतो.

बाबलो व्हरांड्यात बाकावर बसला होता. मांडीवर पिशवी, तोंड उघडं, अर्धी रिकामी. मला बघून उठलाच. "अरे, ये ये! माका झिल झालो!" आणि मला मिठी मारून म्हणाला, "काय फडके धुतलंस रे! लोण्यासारके! नर्स विचारी, कोणी धुतल्यान. मी सांगलंय, आमच्या वाचनालयवाल्यान. माझे तुका खरखरीत लागले आसतीत, माका साबण नीट काढूक येना नाय."

मी पिशवीत बघितलं. पांढरीशुभ्र, मऊ फडकी. चौपदरी घडी, वरचा कोपरा आत खोचलेला. तशी घडी आख्ख्या गावात एकच माणूस घालायचं. मी तिथेच पायरीवर बसलो आणि रडलो. मुलगी झाल्याच्या आनंदाने रडतोय असं बाबल्याला वाटलं. त्यानेही डोळे पुसले.

बाई अंगणात कुळीथ पाखडत होत्या. मी समोर उभा राहिलो. त्या उठून आत गेल्या आणि दोरीने बांधलेला पेपरांचा गठ्ठा घेऊन आल्या. "ही तुझी रद्दी. वाचनालयाची आसा, जाग्यार ठेव."

"बाई, तुमका कसा कळला?"

"तीस वर्सां हातार पोरां तोललेली आसत. कपडो हातात बसता, कागद आतल्या आत सरकता."

"मगे तेव्वाच कित्या बोललात नाय?"

"बाबल्याच्या बायलेसमोर? तिचे दीस भरलेले. तिना रोज त्या पिशयेकडे बगून कुढत ऱ्हवाचा?"

"मगे माका तरी सांगूचा."

"तुका सांगला आसता, तर तू माफी मागून मोकळो झालो आसतस." सूप खाली ठेवून त्या माझ्याकडे बघत होत्या. "आता तळमळलंस मां? बरा झाला. चेडू कसा आसा?"

"बरा आसा, बाई. दोगांय बरी आसत." मी जायला वळलो. "मी आता जावन बाबल्याक सगळा सांगतंय."

"अजिबात नाय. तुझा ओझा तेच्या डोक्यार कित्याक? तुझा तू घे."

बाबल्याला मी आजतागायत सांगितलेलं नाही. तो रविवारच्या पुरवणीतलं भविष्य सोडून काही वाचत नाही, म्हणून हे लिहायचं धाडस करतोय. त्याचा मुलगा आणि माझी मुलगी शाळेत एकाच वर्गात होते, आणि दर वाढदिवसाला बाबलो ती फडक्यांची गोष्ट सांगतो. मी मान खाली घालून ऐकतो.

शिक्षा मात्र झाली. पुढच्या बुधवारी सकाळी, विहिरीवर गर्दी असताना, बाई छत्री उघडून काठावर उभ्या राहिल्या आणि मी उकिडवा बसून दोन डझन फडकी धुतली. "साबण काढ, साबण काढ," एवढंच त्या म्हणत होत्या. बायका आधी हसल्या. मग एकीने फडकं कसं पिळायचं ते दाखवलं. मग हे दर बुधवारचंच झालं, आणि तिसऱ्या आठवड्याला त्यांना माझं कौतुक उरलं नाही. पुढची सगळी वर्षं वर्गातल्या नवऱ्यांना फडकी धुवायला शिकवणं माझ्याकडे होतं, आणि खरं सांगतो, व्याख्यानमालेतल्या ओळखींपेक्षा ते मला जास्त चांगलं जमलं.

दोन हजार नऊमध्ये बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. पोटाशी बोलताना त्या हाताने चाचपायला लागल्या, घड्याळ कानाशी धरायला लागल्या. ऑपरेशन चांगलं झालं, नंतर त्यांना वाचनालयातली धूळसुद्धा दिसायला लागली, हे आधीच सांगून टाकतो. पण ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी सकाळी त्या माझ्या टेबलाशी आल्या, खिळा चाचपून छत्री अडकवली आणि जरा घुटमळल्या. बाईंना घुटमळताना मी कधी बघितलं नव्हतं.

"आपली पिशवी आपण भरूची नाय," त्या म्हणाल्या. "माझी कोण भरतला?"

शेकडो पिशव्या भरून घेतलेल्या बाईची पिशवी भरायला घरात कोणी नव्हतं. हे मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं. मी त्याच सकाळी विहिरीवर गेलो. फडकी धुतली, साबण चार पाण्यांत काढला, दिवसभर उन्हात घातली. चौपदरी घडी, कोपरा आत. पंचा, वाटी, चमचा, साबण, आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद. संध्याकाळी पिशवी त्यांच्यासमोर ठेवली.

बाईंनी ती उचलली. नेहमीसारखी वरखाली केली. बराच वेळ हातात धरून ठेवली. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती, पण त्या क्षणी मी पुन्हा त्या गुरुवारी उभा होतो.

"आता बरोबर," बाई म्हणाल्या.

मी दोरीची गाठ मारायला घेतली. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "पेपर नाय घातलंस?"

"नाय, बाई! एकपण नाय. शपथ."

"मेल्या, पट्टी सोडल्यार मी वाचू काय मगे?"

मी टेबलावरचा त्या दिवशीचा पेपर आणला आणि घडी करून पिशवीत सारायला लागलो. त्या धूसर डोळ्यांनी त्यांना काय दिसलं कोण जाणे.

"खाली नको," बाई म्हणाल्या. "वर ठेव. लपव नको."